मास्तरांचं सूप

"मास्तर! ओ मास्तर! सूप टाका ना लवकर! माहा सासरा बसला हाये बाजूले!"

पुरुषांच्या बाजूनं ही आरोळी आली आणि पाठोपाठ अख्खा तंबू गरजला, "सूप! सूप!" पडद्यावर एक गोरा साहेब एका गोऱ्या मडमेच्या इतका जवळ सरकला होता की मधे तीळ ठेवला असता तर तेल निघालं असतं. बापाशेजारी बसलेला पोरगा तंबूच्या छताची ठिगळं पाहत होता. जावयाशेजारी बसलेल्या सासऱ्याला खोकल्याची अशी उबळ आली होती की पुढच्या रांगेतल्या तिघांच्या टोप्या उडाल्या. बायकांच्या बाजूला तर बांगडीसुद्धा वाजत नव्हती.

"आलो ना बाप्पा! हात दोनच हायेत मले!" म्हणत मास्तर तपकिरीची डबी खिशात कोंबत उठले. सूप उचललं, डोळे गच्च मिटले, मान पाठीमागं वळवली आणि सूप सिनेमाच्या मशीनच्या भिंगासमोर आडवं धरलं. पडद्यावर संध्याकाळ झाली. तंबूतल्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला. त्या वाऱ्यानं कनात फुगली आणि बाहेर बांधलेला एक बैल दावं तोडून स्टेशनाकडे पळाला. तो हिंगोलीच्या बाजूला सापडला म्हणतात. मी पाहिला नाही, पण बैलाचा मालक आजही आमच्याशी बोलत नाही.

मी त्या मशीनवर होतो. रहमानशेठची टूरिंग टॉकीज, एक इंजिन, एक तंबू, आणि माझ्याहून वयानं मोठं असलेलं एक मशीन. चालताना त्यातून असा आवाज यायचा की पडद्यावर देव बोलायला लागला तरी तो पिठाच्या गिरणीत उभा राहून बोलतोय असं वाटे. किड्यांचा तर सुळसुळाट. भिंगावर एखादं पाखरू बसलं तर नवख्याला वाटेल की पडद्यावर आता हत्तीएवढा किडा दिसणार. तसं होत नाही. किडा दिसतच नाही, चित्र तेवढं जरा मंद होतं. असो, हा माझ्या धंद्यातला मामला. मास्तरांशी बोलताना हा विषय कधी निघाला नाही.

मास्तर वाशीमच्या शाळेत चित्रकला शिकवत. आईबापांनी नाव ठेवलं होतं दिगंबर. त्या नावाचा अर्थ आणि मास्तरांचा स्वभाव यांचं जन्मभर पटलं नाही, म्हणून ते सही 'डी. मास्तर' अशी करत आणि कोणी पूर्ण नाव विचारलं तर तपकीर ओढत. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. मे महिन्यात वाशीमचे कावळे चोच उघडी टाकून विहिरीच्या काठावर पडलेले असत, तेव्हाही मास्तरांचं वरचं बटण लावलेलं. आणि मिशी! एका टोकावर पोपट येऊन बसला तर दुसऱ्या टोकाला पत्ता लागू नये अशी. रोज सकाळी ते तिला तूप लावायचे. गोदाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "वरनावर घेत नाई इतलं तूप मिशीवर घेते हा मानूस."

त्यांचं खरं काम चाले वाचनालयात. नागपूर-मुंबईचे पेपर आले की पहिले मास्तरांच्या हातात जात. साबणाच्या, तेलाच्या जाहिरातीतली बाई उघड्या दंडांची असली की मास्तर शाईचा टाक काढत आणि तिला बाह्या घालत. बरं, माणूस चित्रकलेचा. नुसतं काळं फासणं त्यांच्या हाताला जमेना. ते चुणीदार, फुग्याची, मनगटाशी झालर असलेली अशी देखणी बाही काढत की जाहिरातवाल्यानं पाहिली असती तर साबण सोडून बाह्याच विकल्या असत्या. एकदा सर्कशीच्या जाहिरातीतल्या घोड्यालाही त्यांनी झूल घातली होती.

मग व्हायचं ते झालं. बाजारातल्या शिंप्यानं ते पेपर नेले आणि त्या बाह्या बेतल्या. दिवाळीपर्यंत वाशिमातल्या निम्म्या पोरींच्या अंगावर फुग्याच्या बाह्या. शिंपी त्याला 'मास्तर कट' म्हणायचा. आणि मास्तर? ते संध्याकाळी बाजारातून येऊन ओसरीवर संतापानं म्हणाले, "हे नवीन फॅशनचं खूळ कोनं आनलं रे गावात? पोरी फुगे लावून फिरून राह्यल्या!"

काकू आतून म्हणाल्या, "असंल कोनीतरी रिकामटेकडा."

तर अशा माणसाच्या हाती सूप कसं आलं ते सांगतो. आमच्या तंबूत एरवी देवादिकांचे सिनेमे, नाहीतर हिंदी, ज्यात प्रेम वाढलं की दोन फुलं एकमेकांवर डोकं आपटतात. एका खेपेला स्टेशनवर पेट्या उतरल्या आणि उघडून पाहतो तो देवाच्या जागी साहेबाचा सिनेमा. तंबू भरलेला. रहमानशेठ म्हणाला, "चला दे बेटा, आदमी तो उनमें भी होते हैं." मी चालवला. अर्ध्यात साहेबानं मडमेचं चुंबन घेतलं.

काय सांगू! एक जावई आणि त्याचा सासरा एकाच वेळी उठले. समोरासमोर यायला नको म्हणून दोघं दोन दिशांनी कनात फाडून निघाले. एका म्हाताऱ्यानं लाजेनं खांबाला मिठी मारली आणि तो खांबासकट बाहेर पडला. तंबू बसला. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी शेठला बोलावलं आणि सांगितलं, की गावातल्या कोणा इभ्रतीच्या माणसानं जबाबदारी घेतली तर तंबू चालेल, नाहीतर खुंट्या उपटा.

गर्दीतून मास्तर पुढं झाले. मिशीला हात लावून म्हणाले, "साहेब, डोळ्याले दार नसते. म्या दार होतो. ह्या तंबूत वाशीमच्या एका लेकीसुनेच्या डोळ्याले बी वावगं दिसलं, तर भर बाजारात, पिंपळाखाली बसून ही मिशी उतरवीन!"

लोक चळाचळा कापले. तहसीलदारांना स्वतःची मिशी नव्हती, ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

आता झाकायचं कशानं? मास्तरांनी पहिल्या दिवशी टोपी धरली. पण मग डोकं उघडं पडलं, आणि चारचौघांत उघड्या डोक्यानं उभं राहणं हे मास्तरांच्या हिशेबी त्या चुंबनापेक्षा वाईट. मग धोतराचा सोगा धरून पाहिला. त्याबद्दल मी न बोललेलं बरं. शेवटी घरी जाऊन म्हणाले, "एक सूप दे."

काकूंनी भिंतीवरची तीन सुपं काढली, एकेक करून दाराच्या उजेडाकडे धरून पाहिली आणि त्यातलं एक पुढं केलं.

"अवो, हे त उंदरानं कुरतडेल हाये."

"तुमाले काय जवारी पाखडाची हाये तिथं?" काकू म्हणाल्या. काकूंशी वाद घालून जिंकलेला माणूस वऱ्हाडात जन्मलेला नव्हता. मास्तर ते सूप घेऊन आले.

आणि तंबूचे दिवस पालटले. पूर्वी बाप यायचा तर पोरगा यायचा नाही, सून यायची तर सासू नाही. आता सूप आहे म्हटल्यावर अख्खी घरं यायला लागली. सासवा पहिल्या रांगेत. कीर्तनकार येऊ लागले. जप करणाऱ्या विधवा बायका येऊ लागल्या. रहमानशेठ मास्तरांसाठी खुर्ची आणून म्हणायचा, "मास्तर, तंबू मेरा कपडे का नहीं, आपके सूप का है." सूप वर असेपर्यंत तंबूत अशी शांतता की कोणी शेंगदाणा फोडायचा नाही. एरवी देवाचा साक्षात्कार चालू असताना फोडायचे.

यात एक गंमत होती. मास्तर स्वतः काहीच पाहत नसत. वावगं येणार म्हटलं की त्यांचे डोळे आधी मिटत, मग हात उठे. मग येणार हे कळायचं कसं? कानानं. "वायलिन म्हंजे पापाची घंटा," ते म्हणायचे. वायलिन चढलं की सूप. त्यामुळे लढाईवरून परतलेला मुलगा म्हाताऱ्या आईला भेटला, सूप. आंधळ्या पोरीला दिसायला लागलं, सूप. एका साहेबाचा कुत्रा हरवला होता तो सापडला, तेव्हाही सूप. आणि वायलिनशिवाय कोणी कोणाला जवळ घेतलंच, तर लोक आपले आपण ओरडत, जसे त्या सासऱ्यावाल्या दिवशी ओरडले.

तोच साहेबाचा सिनेमा आम्ही गावोगाव फिरवला. बैलगाडीत मशीन, मशीनवर मी, माझ्यामागं कोटाची सगळी बटणं लावलेले मास्तर आणि त्यांच्या मांडीवर सूप. शाळेला सुट्टी असली की यायचेच.

मेडशीला चुंबनाची वेळ आली. मास्तरांनी सूप धरलं. पुढं बसलेला एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना मास्तर. नवरा-बायको असतीन बिचारे." मास्तर चाट. पुढं पडद्यावर साहेबाला राग आला आणि त्यानं टेबलावरची जेवणाची बशी पायानं उडवली. पाव मातीत पडला. झालं! अख्खं मेडशी उठून उभं. "अन्नाले लाथ? अन्नाले लाथ मारते हा भाड्या?" चपला अशा सुटल्या की पडद्यावरच्या साहेबानं खाली वाकून चुकवल्या. मी शपथेवर सांगतो, वाकला. एक आजी तर रडायलाच लागली, "लेकरं बसले हायेत वं समोर, काय पाह्यतीन, काय शिकतीन!" दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पावाला सूप धरलं आणि चुंबन जाऊ दिलं.

पोहरादेवीला रामनवमीच्या जत्रेत तर आणखी वेगळं. तांड्यांवरून बंजारा मंडळी आलेली. बाया आरशांच्या कांचळ्या, हस्तिदंती बांगड्या घालून बसलेल्या, इंजिन बंद पडलं तरी त्यांच्या आरशांच्या उजेडात खेळ झाला असता. चुंबनाला मास्तरांनी सूप धरलं, कोणी काही बोललं नाही. पाव मातीत पडला, हळहळले आणि बसले. मग शेवटी साहेबाचं लग्न लागलं. नवरी पायऱ्या उतरून खिदळत आली, हातातला फुलांचा गुच्छ मागं भिरकावला आणि मोटारीत बसून हसत हसत गेली.

मग तांड्याच्या नायकाची म्हातारी आई उठली. माझ्या मशीनपाशी आली आणि मास्तरांना म्हणाली, "हिचा बाप जिता हाये ना?"

"हाये जी," मास्तर म्हणाले. त्यांनी पाहिला नव्हता, पण म्हणाले.

"माय जिती हाये?"

"हाये."

"मंग हासते काहून?"

म्हातारी म्हणाली, "आमची पोरगी जाते तवा माय-मावश्याच्या गळ्यात पडून गाऊन गाऊन रडते. झाडाले पाझर फुटते. हे त असी चालली जसी आठवडी बाजाराले चालली! आमच्या पोरी पाहून राह्यल्या, मास्तर. असं उघडंवाघडं नोका दाखवू."

दुसऱ्या रात्री मास्तरांनी नवरीच्या हसण्यावर सूप धरलं.

परतीच्या वाटेवर गाडीत ते म्हणाले, "काय रे, वाशीम, मेडशी अन् पोहरादेवी, तिन्ही एका तंबूत बसवले तर?"

मी म्हटलं, "तर नुसती सुरुवातीची नावं दाखवून घरी पाठवावं लागेल, मास्तर."

"नावाले बी सूप लागन," मास्तर म्हणाले. "माहं नाव दिगंबर हाये." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना स्वतःवर हसताना पाहिलं. त्या हसण्यानं मिशी अशी हलली की बैल बुजले.

असं चार-पाच वर्षं चाललं. आणि मग गावचेच एक वकील नागपूरहून शिकून वाशिमात परत आले. तरुण, काळा कोट, आणि आवाज असा की कोर्टात ते 'हरकत आहे' म्हणाले तर बाजारात भाव पडायचे. त्यांनी एकदा आमचा खेळ पाहिला, बाहेर आले आणि सरळ पिंपळाखाली जाऊन म्हणाले, "हे ढोंग आहे. सुपातून सगळं दिसतं. मास्तर, तुमची मिशी गेली!"

गाव हादरलं. तहसीलदारांकडे अर्ज गेला. ठरलं असं, की तोच सिनेमा पुन्हा लावायचा, मास्तरांनी सूप धरायचं, आणि मग तहसीलदारांसमोर गावच्या बायकांनाच विचारायचं, काय दिसलं. एकीनं जरी दिसलं म्हटलं तरी तंबू उठला आणि मिशी उतरली. न्हावी तर धोकटी घेऊनच येऊन बसला. मास्तरांनी त्या दिवशी मिशीला तूप लावलं नाही. म्हणाले, "जानाऱ्याले कायले खर्च कराचा?" पण ते बोलताना त्यांचा हात मिशीवर असा फिरत होता जसा माणूस विकायला काढलेल्या गायीच्या पाठीवर फिरवतो.

खेळ सुरू झाला. वायलिन चढलं. मास्तरांनी डोळे मिटले, मान वळवली, सूप धरलं. पडद्यावर संध्याकाळ झाली आणि गेली. शेठनं इंजिनाचे दिवे लावले. वकील उठले.

"बायांनो, घाबरू नका. आत्ता सूप असताना पडद्यावर काय झालं?"

"अंधार झाला," पहिल्या रांगेतून एक सासू म्हणाली.

"काहीच दिसलं नाही?"

"सुपामांगचं दिसत असते काय, वकीलसायेब? मंग आमी त भिंतीमांगचं बी पाह्यलं असतं."

बायका पदर तोंडाशी धरून बसल्या. वकील एकेकीला विचारत गेले. अंधार. काळोख. अमावस्या. एक म्हणाली, माहा डोळा लागला होता. वकील काही कच्चे नव्हते. एका नव्या नवरीपाशी थांबून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेबाची टोपी तेवढी छान होती, नाही? जवळ जाताना त्यानं ती कुठं ठेवली गं?"

"खुर्चीव..." नवरीच्या तोंडून गेलं.

न्हाव्यानं वस्तरा उघडला. मास्तरांचा चेहरा सुपासारखाच पिवळा पडला. शेजारच्या सासूनं नवरीला जो चिमटा काढला त्याचा आवाज मला मशीनपाशी ऐकू आला. "खुर्चीवर ठेवत असतीन," नवरी रडवेली होऊन म्हणाली. "आमच्या घरी खुर्चीवरच ठेवतेत."

"ठेवतेत ना जी!" पन्नास बायका एकदम म्हणाल्या.

वकील चिडले. समोर त्यांची स्वतःची आई बसली होती. सोवळी, करारी, गावभर जिच्या शब्दाला मान. वकिलांनी हात जोडले. "आई, तू सांग. तू खोटं बोलणार नाहीस. सूप असताना तुला काय दिसलं?"

तंबू असा शांत झाला की इंजिनसुद्धा हळू चालायला लागलं. म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. पुरुषांकडे पाहिलं, तहसीलदारांकडे पाहिलं, मग लेकाकडे असं पाहिलं की तो परत पाचवीत गेला.

"म्हणजे मी, ह्या वयात, टक लावून तसलं पाहत होते, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नव्हे गं आई..."

"मी जप करत होते," म्हातारी म्हणाली आणि माळ ओढायला लागली. माळ तिच्या हातात होती की नाही ते मला दिसलं नाही. ती जागा अंधारात होती.

तहसीलदारांनी अर्ज फाडला. न्हाव्यानं वस्तरा मिटला, पण रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वकिलांची हजामत करून गेला. मास्तरांना लोकांनी खांद्यावर घेतलं, तर त्यांची मिशी दोन्ही बाजूंच्या कनातींना अडकली आणि तंबू दुसऱ्यांदा बसला.

सकाळी मी सूप परत द्यायला गेलो. गर्दीत मास्तर ते तंबूतच विसरले होते. ओसरीवर बसून ते मिशीला तूप लावत होते, आदल्या दिवशीचं राहिलेलं धरून दुप्पट. चेहऱ्यावर असं तेज की शेजारच्यांनी वाळवण तिकडे सरकवलं होतं. गोदाकाकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मला चहा दिला, सूप घेतलं, त्याच्यावरची धूळ झटकली आणि भोक जिथं होतं तिथं बोट घालून हलकेच बांबूच्या काड्या बाजूला सारल्या.

"पाह्यलं?" मास्तर म्हणाले. "एका बाईले काई दिसलं नाई! इतले वर्स गावाची अब्रू एका हातानं झाकली म्या! आज बुरडाकडे जातो. दाट विनीचं, पितळी कडीचं, कोरं करकरीत नवं सूप आनतो. आता मानानं धराचं!"

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "नवं नोका आनू. नव्यातून दिसत नाई."